मोठ्या डीजी (डिझेल जनरेटर) सेटमधला बिघाड लॅपटॉप लावून शोधताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न ५०० केव्हीए आणि त्यापुढच्या डीजी सेटवर काम करणाऱ्यांसाठी आहेत. हॉस्पिटल, मॉल, डेटा सेंटर, कारखाना अशा ठिकाणी असतात ते ४१५ व्होल्टचे, १५०० आरपीएमवर चालणारे सेट इथे धरले आहेत. आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर मॅन्युअलचाच घ्यायचा.

लॅपटॉप नेमका कुठे जोडायचा? इंजिनाला की पॅनलला?

सेटवर दोन वेगवेगळे मेंदू असतात. इंजिनावर ईसीयू (इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर) आणि पॅनलवर जनसेट कंट्रोलर (पूर्ण सेट चालवणारा). ईसीयूला इंधन, ऑइल प्रेशर, कूलंटचं तापमान, बूस्ट (टर्बोने दिलेल्या हवेचं प्रेशर) आणि आरपीएम कळतं. अल्टरनेटर किती व्होल्ट देतोय, ब्रेकर लागलाय का, महावितरणची लाइन आहे की गेली, सेल्फ (स्टार्टर) किती वेळा मारला, हे कंट्रोलरला कळतं. दोघांची सॉफ्टवेअर वेगळी आणि केबलही वेगळी. कमिन्सच्या ईसीयूसाठी इनसाइट आणि इनलाइन अ‍ॅडाप्टर लागतो, कॅटरपिलरसाठी कॅट ईटी आणि कॉम अ‍ॅडाप्टर, व्होल्वो पेंटासाठी व्होडिया. डीप सी कंट्रोलरला कॉन्फिगरेशन सूट आणि साधी यूएसबी केबल पुरते, कॉमअ‍ॅपला इन्टेलिकॉन्फिग.

सुरुवात कंट्रोलरच्या इव्हेंट लॉगपासून करा. त्यात खरं घड्याळ असतं, त्यामुळे आधी लाइन गेली की आधी ट्रिप झालं हे कळतं. ईसीयू बहुतेक वेळा फॉल्टपुढे फक्त इंजिनाचे तास नोंदवतो. दोन्हीकडचे तास जुळवले की घटनांचा क्रम उभा राहतो, आणि निम्म्या केसेसमध्ये पुढे कुठे बघायचं ते तिथेच ठरतं.

एक गोष्ट आधी तपासा. केटीए३८, केटीए५० यांसारखी पीटी पंपाची (यांत्रिक इंधन पंपाची) जुनी कमिन्स इंजिनं अजून भरपूर चालू आहेत. त्यांच्यावर ईसीयू नसतो. तिथे इनसाइट जोडायला जागाच नसते, जे काही दिसेल ते कंट्रोलरमध्येच.

वायरिंगला किंवा सेन्सरला हात लावण्याआधी काय काय बंद करायचं?

‘मोड स्टॉपवर टाकला’ एवढ्याने सेट सुरक्षित होत नाही. एएमएफ पॅनल (लाइन गेली की सेट आपोआप सुरू करणारं) असेल तर लाइन गेल्याबरोबर रिमोट स्टार्ट येतो, आणि कोणी मोड परत ऑटोवर फिरवला की पंखा तुमच्या हाताजवळ फिरायला लागतो. क्रम असा ठेवा :

१. ज्यांचा लोड या सेटवर आहे त्यांना सांगा. हॉस्पिटलमध्ये ओटी चालू असेल तर पर्यायी सेट उभा राहिल्याशिवाय काम सुरूच करू नका.
२. कंट्रोलर स्टॉपवर, इमर्जन्सी स्टॉप दाबलेला.
३. सेटचा एसीबी (मुख्य ब्रेकर) उघडा, रॅक-आउट करा (जागेवरून बाहेर ओढा), कुलूप आणि टॅग लावा. किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात.
४. बॅटरी चार्जर, जॅकेट वॉटर हीटर आणि अल्टरनेटरमधला अँटी-कंडेन्सेशन हीटर यांचा २३० व्होल्टचा पुरवठा बंद.
५. ईसीयूची की ऑफ केल्यावर एक-दोन मिनिटं थांबा. तेवढ्यात तो आपला डेटा मेमरीत लिहितो. मगच बॅटरीची निगेटिव्ह काढा, नंतर पॉझिटिव्ह. जोडताना निगेटिव्ह शेवटी.

चौथी पायरी लोक विसरतात. चार्जर चालू असताना टर्मिनल काढलं की ठिणगी पडते, आणि चार्ज होणाऱ्या लेड अ‍ॅसिड बॅटरीभोवती हायड्रोजन साचलेला असतो.

बॅटरी काढली तरी पॅनलमध्ये करंट असू शकतो. मेन्स आणि बसबार सेन्सिंगच्या वायरी थेट कंट्रोलरपर्यंत येतात. सेट मेलेला असला तरी त्या फ्यूजवर ४१५ व्होल्ट उभे असतात. सिंक्रोनाइझ होणारे तीन-चार सेट असतील तर बसबार दुसऱ्या सेटवर जिवंत असतो. मीटरने आधी चालू लाइनवर खात्री, मग आपल्या जागेवर, मग पुन्हा चालू लाइनवर, अशी तिन्ही मोजमापं घेतल्याशिवाय ‘मेलं आहे’ म्हणू नका. आणि चालू लोडवर सीटीची (करंट ट्रान्सफॉर्मरची) सेकंडरी कधीही उघडू नका.

पण रीडिंग घ्यायला सेट चालवावाच लागतो. तेव्हा काय?

हे दोन टप्पे वेगळे ठेवा. मोजमापासाठी वायर जोडणं, प्रोब लावणं, गेज बसवणं हे सगळं सेट बंद आणि कुलूपबंद असताना करायचं. मग सगळ्यांनी बाजूला व्हायचं, कुलूप काढायचं आणि सेट चालवायचा. चालू सेटवर कॅनॉपीत (सेटभोवतीच्या पत्र्याच्या पेटीत) वाकून प्रोब धरण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. बेल्ट आणि पंखा डाव्या हाताशी, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उजव्या हाताशी, आणि आवाज इतका की ओरडलेलं ऐकू येत नाही.

कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये स्काडा स्क्रीन (लॅपटॉपवरून सेट बघण्याचा आणि चालवण्याचा) असतो आणि त्यावर स्टार्टचं बटण असतं. लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाला कॅनॉपीच्या मागच्या दारात कोण उभा आहे हे दिसत नाही. म्हणून सॉफ्टवेअरमधून सेट सुरू करायचा नाही, हा नियम करून टाका. सुरू करायचा तो पॅनलसमोर उभं राहून, इमर्जन्सी स्टॉपवर एक हात ठेवून. रिमोट मॉनिटरिंगचा मॉडेम असेल तर काम संपेपर्यंत तो काढून ठेवा.

सॉफ्टवेअर कनेक्टच होत नाही. ईसीयू गेला का?

शक्यता फार कमी. आधी साध्या गोष्टी बघा.

ईसीयूला की सप्लाय आहे का? बऱ्याच पॅनलमध्ये कंट्रोलर स्टार्टच्या वेळीच ईसीयूला पॉवर देतो, स्टॉपमध्ये तो झोपलेला असतो. कंट्रोलरमध्ये इंजिन न फिरवता ईसीयू जागा करण्याची सोय असते. ती कशी वापरायची ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या, कारण चुकीचं बटण दाबलं तर सेल्फ लागेल.

मग डायग्नोस्टिक सॉकेट. नऊ पिनांच्या गोल डॉइश कनेक्टरमध्ये ए म्हणजे बॅटरी निगेटिव्ह, बी पॉझिटिव्ह, सी कॅन-हाय आणि डी कॅन-लो (कॅन म्हणजे ईसीयू आणि कंट्रोलर यांना जोडणारी डेटा लाइन). ए आणि बी यांच्यात २४ व्होल्ट नसतील तर अ‍ॅडाप्टरचा दिवाच लागणार नाही. फ्यूज बघा.

त्यानंतर सगळा पुरवठा बंद करून सी आणि डी यांच्यात रेझिस्टन्स मोजा. जे१९३९च्या (याच कॅन डेटाच्या) लाइनला दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर (रेझिस्टर) असतो, म्हणून मीटरवर ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक टर्मिनेटर नाही किंवा लाइन मध्ये तुटली आहे. ४० दिसले तर कोणीतरी तिसरा लावला आहे. कंट्रोलर बदलल्यावर हे हमखास होतं. शून्याजवळ असेल तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. पॉवर दिल्यावर दोन्ही वायरी निगेटिव्हच्या तुलनेत साधारण अडीच व्होल्टच्या आसपास दिसतात, हाय थोडी वर आणि लो थोडी खाली.

सेल्फ मारतानाच कनेक्शन तुटत असेल तर लॅपटॉपला दोष देऊ नका. बॅटरीचा व्होल्टेज कोसळतोय आणि ईसीयू रिसेट होतोय, हेच तो सांगतोय.

एसपीएन आणि एफएमआय कसे वाचायचे?

ईसीयूच्या फॉल्ट कोडमध्ये हे दोन आकडे असतात : एसपीएन म्हणजे कुठे, एफएमआय म्हणजे काय झालं. एसपीएन १०० ऑइल प्रेशर, ११० कूलंटचं तापमान, १११ कूलंटची पातळी, १९० आरपीएम, ९४ इंधनाचं डिलिव्हरी प्रेशर, १५७ रेल प्रेशर (इंजेक्टरना इंधन देणाऱ्या हाय प्रेशर पाइपमधलं), ९७ डिझेलमध्ये पाणी, १६८ बॅटरी, ६३९ कॅन नेटवर्क. एवढे तोंडपाठ असले तर दिवसाचं बहुतेक काम निघतं.

खरी मेख एफएमआयमध्ये आहे. ०, १, १५, १६, १७, १८ हे आकडे सांगतात की सेन्सर ठीक बोलतोय, पण मोजलेली गोष्टच मर्यादेबाहेर आहे. ३, ४, ५, ६ हे विजेच्या गडबडीचे आकडे : व्होल्टेज जास्त, व्होल्टेज कमी, सर्किट उघडं, सर्किट अर्थला लागलेलं. २ म्हणजे रीडिंग उड्या मारतंय, ते बहुधा ढिल्या पिनेमुळे. पहिल्या गटात पाना आणि गेज घ्यायचा, दुसऱ्या गटात मीटर. हा फरक न बघता सेन्सर बदलणं म्हणजे ताप मोजून थर्मामीटर बदलण्यासारखं आहे.

कंपन्या आपापले नंबरही देतात. कमिन्समध्ये १३५ आणि १४१ हे ऑइल प्रेशर सेन्सरच्या सर्किटचे, १४३ म्हणजे प्रेशर कमी आणि ४१५ म्हणजे धोकादायक कमी. चारही ‘ऑइल प्रेशर’ म्हणूनच वाचले जातात, पण पहिल्या दोघांत आणि शेवटच्या दोघांत इंजिनाच्या आयुष्याचा फरक आहे.

ऑइल प्रेशर कमी म्हणून सेट ट्रिप झाला. पुन्हा सुरू करून बघू का?

नाही. एफएमआय १ किंवा १८ असेल तर आधी डिपस्टिक, ऑइलचा रंग आणि वास. डिझेलचा वास आला किंवा पातळी वाढलेली असली तर इंधन ऑइलमध्ये उतरतंय, ऑइल पातळ झालंय. दुधट रंग म्हणजे कूलंट. या दोन्ही स्थितीत इंजिन फिरवायचंच नाही.

ऑइल ठीक दिसलं तर ऑइल गॅलरीवर (इंजिनातल्या ऑइलच्या मुख्य वाटेवर) मेकॅनिकल गेज बसवा आणि सुरू झाल्या क्षणापासून गेजकडे डोळे ठेवा. काही सेकंदांत प्रेशर चढलं नाही तर बंद करा. गेज आणि सॉफ्टवेअर दोन्ही कमी दाखवत असतील तर बिघाड खरा आहे : फिल्टर, रिलीफ व्हॉल्व्ह, पंप, बेअरिंग. गेज बरोबर आणि सॉफ्टवेअर चूक असेल तर सेन्सरकडे या. तीन वायरींच्या सेन्सरला ५ व्होल्ट, ग्राउंड आणि सिग्नल येतो, आणि निरोगी सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टमध्ये राहतो.

प्रेशर खरंच कोसळून इंजिन गरम अवस्थेत बंद पडलं असेल तर क्रँककेसची कव्हरं लगेच उघडू नका. आत तेलाची वाफ असते आणि एखादं बेअरिंग लालभडक असू शकतं. ताजी हवा आत गेली की स्फोट होऊ शकतो. मॅन्युअलमधला थंड होण्याचा वेळ पाळा.

एकदम पाच-सहा सेन्सरचे फॉल्ट आले. सगळे सेन्सर कसे जातील?

जात नाहीत. एकच ५ व्होल्टचा पुरवठा अनेक सेन्सरना जातो, आणि त्यातल्या एकाने किंवा एका वायरीने तो अर्थला खाली ओढला की सगळे मेल्यासारखे दिसतात. एसपीएन ३५०९ किंवा ३५१० सोबत असेल तर हेच समजा. की ऑन ठेवून, इंजिन बंद असताना, ५ व्होल्ट बघत एकेक सेन्सरचा प्लग काढत जा. ज्याचा प्लग काढल्यावर व्होल्टेज परत येईल तो दोषी. कोणताच काढून फरक पडला नाही तर हार्नेस (वायरींची जुडी).

हार्नेस म्हटलं की आपल्याकडे आधी उंदीर. बंद कॅनॉपी, उब आणि महिनोन्‌महिने न चालणारा सेट ही त्यांची आवडती जागा. नंतर किनारपट्टीचा खारा वारा : कोकणात आणि गोव्यात कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. पावसाळ्यानंतर येणारे ‘मधूनच येणारे आणि जाणारे’ फॉल्ट इथूनच येतात. पिना तपासताना मीटरचा जाड प्रोब आत खुपसू नका, मादी पिन पसरते आणि तुम्हीच नवा ढिला जोड तयार करता. योग्य मापाचा टेस्ट लीड वापरा.

सेल्फ मारतो पण इंजिन उचलत नाही. सॉफ्टवेअरमध्ये काय बघायचं?

चार आकडे एकाच पानावर आणा : क्रँकिंग आरपीएम, बॅटरी व्होल्टेज, रेल प्रेशर मागितलेलं आणि मिळालेलं, आणि क्रँक-कॅम सिंक (दोन्ही सेन्सरचे सिग्नल जुळणं) झाला की नाही.

आरपीएम शून्य दिसतोय आणि इंजिन तर फिरतंय, म्हणजे स्पीड सेन्सर किंवा त्याची वायर. आरपीएम आहे पण सिंक नाही, तर कॅम सेन्सर. सिंक आहे पण रेल प्रेशर चढत नाही, तर इंधन : टाकीचा व्हॉल्व्ह, सेपरेटरमधलं पाणी, चोक झालेला फिल्टर, सक्शन लाइनने धरलेली हवा. सगळं ठीक आहे आणि तरी इंजेक्शन होत नाही, तर कुठूनतरी स्टॉप सिग्नल उभा आहे. इमर्जन्सी स्टॉपचं दुसरं बटण कॅनॉपीच्या बाहेर असतं आणि कोणीतरी ते दाबून ठेवलेलं असतं. हे लाजिरवाणं वाटतं, पण वारंवार होतं.

व्होल्टेज सेल्फ मारताना १८ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि केबल. केबलचा ड्रॉप असा मोजा : मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरा स्टार्टरच्या मोठ्या टर्मिनलवर, आणि सेल्फ मारा. एक व्होल्टहून जास्त ड्रॉप म्हणजे लग किंवा केबल खराब. निगेटिव्ह बाजूलाही तसंच. आणि ३० सेकंदांहून जास्त सेल्फ मारायचा नाही, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. नाहीतर शोधायला आलात इंधनाचा बिघाड आणि जाळलात स्टार्टर.

हवा काढायला इंजेक्टरचा पाइप थोडा ढिला करू का? जुन्या इंजिनावर तसंच करायचो.

कॉमन रेलवर (सगळ्या इंजेक्टरना एकाच हाय प्रेशर पाइपमधून इंधन मिळतं त्या इंजिनावर) कधीही नाही. रेलमध्ये १६०० ते २००० बारपर्यंत प्रेशर असतं. सुईच्या टोकाएवढ्या गळतीतून निघालेली धार हातमोज्यातून आणि कातडीतून आरपार डिझेल आत घालते. वरून जखम मुंगी चावल्यासारखी दिसते, दुखतही नाही. काही तासांत बोट किंवा हात गमवायची वेळ येते. असं झालं तर ‘बघू उद्या’ म्हणायचं नाही. थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्ये जायचं आणि डॉक्टरांना ‘प्रेशरने डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं.

गळती पुठ्ठ्याच्या तुकड्याने शोधा, हाताने नाही. इंजिन बंद झाल्यावर दहा मिनिटं थांबा, सॉफ्टवेअरमध्ये रेल प्रेशर उतरल्याचं बघा, मगच लो प्रेशर बाजूने प्राइमिंग पंपाने हवा काढा. आणखी एक : इंजेक्टरच्या सोलेनॉइडला चालू इंजिनात १०० व्होल्टच्या आसपास जातात. तो प्लग चालू इंजिनावर काढायचा नाही.

सेट सुरू होतो, पण लोड टाकला की फ्रिक्वेन्सी कोसळते.

लोड टाकण्याच्या एक मिनिट आधीपासून सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग लावा : आरपीएम, लोड टक्के, बूस्ट, रेल प्रेशर, इंधनाचं डिलिव्हरी प्रेशर. मग ब्रेकर लावा. आरपीएम पडताना इंधनाचं प्रेशरही पडत असेल तर फिल्टर किंवा सक्शन. इंधन पूर्ण मागितलंय, मिळालंय, पण बूस्ट वर येत नाही, तर एअर फिल्टर, टर्बो, किंवा सुटलेला चार्ज एअर होज. ईसीयू स्वतःच इंधन आखडतोय असं दिसलं तर डिरेट (ताकद आपोआप कमी करणं) चालू आहे. बहुधा तापमानामुळे : साखर कारखान्यात बगॅसचा भुसा आणि जिनिंगमध्ये कापूस रेडिएटरच्या जाळीत गोधडीसारखा बसतो. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे सांगायला नकोच.

काही वेळा बिघाड नसतोच. आयएसओ ८५२८-५ प्रमाणे जी२ दर्जाच्या सेटला लोड घेताना फ्रिक्वेन्सी १० टक्के पडायची मुभा आहे, म्हणजे ४५ हर्ट्झपर्यंत, आणि पाच सेकंदांत सावरायची. जी३ ला ७ टक्के आणि तीन सेकंद. सगळा लोड एका दमात टाकला तर टर्बोवालं मोठं इंजिन गुडघ्यावर येणारच. लोड टप्प्यांत टाका.

आणि बिनलोडला ५२ हर्ट्झ, फुल लोडला ५० असं स्थिर दिसत असेल तर तो ४ टक्क्यांचा ड्रूप (लोड वाढला की वेग ठरवून थोडा उतरू देणं) आहे, बिघाड नाही, सेटिंग आहे.

एखादा सिलिंडर काम करत नाही असा संशय आहे. कटआउट टेस्ट कधी करायची?

ब्रेकर उघडा आणि कुलूपबंद असताना, इंजिन गरम झाल्यावर. लोडवर कधीही नाही. सॉफ्टवेअर एकेका इंजेक्टरचा पुरवठा तोडतं. गव्हर्नर आरपीएम लगेच सावरतो, त्यामुळे आरपीएमकडे न बघता इंधनाच्या मात्रेकडे बघा. निरोगी सिलिंडर तोडला की बाकीच्यांना जास्त इंधन द्यावं लागतं. ज्याला तोडून काहीच बदलत नाही तो आधीच झोपलेला. सोळा सिलिंडरच्या इंजिनावर हा फरक बारीक असतो, म्हणून दोनदा करा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने एक्झॉस्ट पोर्टचं तापमानही जुळवा. इंजेक्टर बदलला तर त्यावरचा ट्रिम कोड (त्या इंजेक्टरच्या मापाचा कोड) ईसीयूत भरायला विसरू नका, जिथे तो लागतो तिथे.

पांढरा-निळसर धूर आणि एक्झॉस्टच्या जोडांतून काळं चिकट ओघळ दिसत असतील तर आधी ईसीयूमधला लोडचा इतिहास उघडा. सेट महिनोन्‌महिने ३० टक्क्यांच्या खाली चालला असेल तर दोष इंजेक्टरचा नाही, लोडचा आहे. लोड बँक (कृत्रिम लोड) लावून तो काही तास नीट तापवा आणि मग पुन्हा ठरवा.

ईसीयूमध्ये एकही फॉल्ट नाही, इंजिन मस्त चालतंय, पण व्होल्टेज नाही.

मग इंजिनाच्या सॉफ्टवेअरचं काम संपलं. हा अल्टरनेटरचा प्रश्न आहे : एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं कार्ड), त्याचा फ्यूज, उतरलेलं रेसिड्युअल मॅग्नेटिझम (मागे उरणारं चुंबकत्व) किंवा फिरते डायोड. सेन्सिंगची वायर सुटली तर उलटं होतं. एव्हीआरला व्होल्टेज दिसत नाही, तो एक्सायटेशन (अल्टरनेटरच्या फील्डचा करंट) वाढवत जातो आणि आउटपुट ४१५ च्या कितीतरी वर जातं. म्हणून सेन्सिंग तपासताना लोड बाहेर, ब्रेकर उघडा. एव्हीआर वेगळा करून बॅटरीने एक्सायटेशन देण्याची चाचणी परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायची. अल्टरनेटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये तेव्हा पूर्ण व्होल्टेज असतं.

युरियाचा फॉल्ट येतोय. जुन्या सेटला तर असं काही नव्हतं.

८०० किलोवॉटपर्यंतच्या सेटसाठी सीपीसीबी ४ प्लसचे (प्रदूषणाचे) निकष १ जुलै २०२३ पासून आले, तेव्हापासूनच्या अनेक सेटवर एससीआर (युरियाने एक्झॉस्ट स्वच्छ करणारी यंत्रणा) आणि डीईएफची टाकी आहे. एसपीएन १७६१ म्हणजे टाकीची पातळी, ३३६४ म्हणजे द्रवाचा दर्जा. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं शुद्ध द्रावण. नळाचं पाणी किंवा शेतीचा युरिया घातला की सेन्सर ओळखतो, आणि न ओळखला तरी कॅटॅलिस्ट खराब होतो. नोझलवर पांढरे खडे जमले असतील तर कोमट पाण्याने विरघळतात. पिनेने खरवडू नका. मोठा डीजी क्वचित चालतो, टाकीतलं डीईएफ उन्हाने तापत पडून राहतं आणि बिघडतं. मोठा साठा करून ठेवू नका.

फॉल्ट क्लिअर केला तर चालेल का?

आधी संपूर्ण रिपोर्ट सेव्ह करा : चालू फॉल्ट, जुने फॉल्ट, फ्रीझ फ्रेम, तास. फ्रीझ फ्रेम म्हणजे फॉल्ट आला त्या क्षणाचे आकडे, आणि क्लिअर केल्यावर ते परत मिळत नाहीत. मग दुरुस्ती, मग क्लिअर, मग लोडवर चालवून तोच फॉल्ट परत येतो का ते बघणं. ओव्हरस्पीडचा ट्रिप आला असेल तर क्लिअर करून लगेच चालवायचं नाही. आधी तो खरा होता का हे कळलं पाहिजे.

ट्रिपची मर्यादा थोडी वाढवून आजची रात्र काढता येईल का?

ऑइल प्रेशर, तापमान आणि ओव्हरस्पीड या तिघांना हात लावू नका. शटडाउन ओव्हरराइड (ट्रिप होऊ न देणारं सेटिंग) फायर पंपासारख्या ठिकाणी, इंजिन गेलं तरी चालेल असं लेखी ठरवूनच ठेवलेलं असतं. इतरत्र ते वापरणं म्हणजे काही लाखांचं इंजिन एका रात्रीसाठी डावावर लावणं. भाड्याचा सेट मागवा, स्वस्त पडेल.

कोणतंही सेटिंग बदलण्यापूर्वी जुनी फाइल तारखेसकट सेव्ह करा. ईसीयूमध्ये कॅलिबरेशन (त्याची प्रोग्राम फाइल) भरायचं असेल तर इंजिन बंद, लॅपटॉपची बॅटरी पूर्ण, सेटच्या बॅटरीवर चार्जर चालू, लॅपटॉपचं स्लीप मोड आणि विंडोजचं अपडेट बंद. मध्येच पुरवठा तुटला तर ईसीयू अर्धवट राहतो. इंजिनाचा सिरियल नंबर आणि फाइल जुळते का ते दोनदा बघा. बाजारात फिरणाऱ्या क्रॅक केलेल्या कॉपीवर हे काम अजिबात करू नका. डेटाबेस जुना असतो, आणि चुकीच्या रेटिंगची फाइल तो बिनतक्रार भरून टाकतो.

कंपनीच्या इंजिनिअरला बोलवायचं ठरलं तर त्याला काय पाठवायचं?

इंजिनाचा आणि अल्टरनेटरचा सिरियल नंबर, चालू तास, सेव्ह केलेला फॉल्ट रिपोर्ट, कंट्रोलरच्या इव्हेंट लॉगच्या शेवटच्या नोंदी, लोड टाकतानाचं रेकॉर्डिंग, आणि मीटरने व गेजने स्वतः मोजलेले आकडे कुठल्या पिनेवर, की ऑन की इंजिन चालू, हे लिहून. धुराचा आणि आवाजाचा छोटा व्हिडिओही जोडा. शेवटचं फिल्टर कधी बदललं आणि गेल्या महिन्यात पॅनलमध्ये कोणी काय जोडलं, हेही लिहा. यातली शेवटची गोष्ट तो आल्याबरोबर विचारणारच आहे.